दादा, आय विल पे यू ऑफ!

मॅगझिनच्या मराठी विभागाची पोरं गेले तीन आठवडे मागं लागली होती. "काहीतरी लिही रे, मेकॅनिकलवाल्यांचं एकही पान नाही." विषय काय, तर कुठलाही. फक्त पहिला पाऊस, हॉस्टेलचे दिवस आणि 'ती' सोडून. त्यांचे गठ्ठे आलेत म्हणे. हे तीन वगळले की इंजिनिअरिंगच्या पोराकडे उरतं काय? उधारी! तेव्हा मित्रांनो, हा लेख उधारीवर आहे. म्हणजे उधारीच्या इंग्रजीवर. म्हणजे... वाचा तर खरं.

गोष्ट २०२३ च्या डिसेंबरातली, मी सेकंड इयरला असतानाची. फीची १८,००० बाकी होती, शिष्यवृत्ती जमा व्हायची होती आणि हॉल तिकीट अडलं होतं. बापूंकडे मागण्यात अर्थ नव्हता, तूर अजून शेतात उभी होती. शेवटी आमच्याच ब्लॉकमधला, तीन वर्षं सिनियर, त्याच वर्षी पुण्यात नोकरीला लागलेला एक दादा आठवला. त्याला फोन केला आणि त्यानं एक प्रश्न न विचारता दहा मिनिटांत पैसे पाठवले. मी भारावून गेलो आणि भारावलेला इंजिनिअर करतो तेच केलं, इंग्रजीत मेसेज टाकला. "थँक यू सो मच दादा. आय विल पे यू ऑफ बाय एप्रिल."

दादाचं उत्तर आलं, "पे मी ऑफ? का रे बाबा, मी कुठल्या खुनाचा साक्षीदार आहे का?"

मला जोक कळला नाही. रूम पार्टनरला दाखवला, त्यालाही नाही. (त्याला जीडीमध्ये पहिल्या राऊंडला काढलं होतं, त्यामुळे त्याच्याकडून अपेक्षाही नव्हती.) शेवटी लायब्ररीत जाऊन जाडजूड डिक्शनरी उघडली. 'पे' या तीन अक्षरी शब्दाखाली ही एवढी पिलावळ! पे बॅक, पे ऑफ, पे अप, पे डाउन, पे इन, पे आउट. आणि एखाद्या माणसाला पे ऑफ करणं म्हणजे काय, तर पैसे चारून त्याचं तोंड बंद करणं. किंवा मजुराला हिशेब देऊन कामावरून काढणं. देणेकऱ्यांना पे ऑफ करता येतं, नाही असं नाही, तोही अर्थ दिलाय. पण त्यातही 'हे घ्या आणि सुटा एकदाचे' असा वास आहेच. ज्यानं अडीनडीला हात दिला त्याला मी म्हटलं होतं, एप्रिलपर्यंत तुझं तोंड बंद करतो!

म्हणायचं होतं 'आय विल पे यू बॅक'. नियम अगदी सोपा आहे. माणसाला पे बॅक, कर्जाला पे ऑफ. सर्वनाम आलं की ते मध्ये घुसतं. 'पे मी बॅक', 'पे इट ऑफ'. 'पे बॅक मी' म्हटलं की संपलं. एवढं जर कम्युनिकेशन स्किल्सच्या तासाला कुणी सांगितलं असतं तर! तिथं आम्हाला हात कसा मिळवायचा, डोळ्यांत डोळे घालून कसं बोलायचं हे सहा प्रॅक्टिकल शिकवलं. डोळ्यांत डोळे घालून बोलायचं काय, हे राहिलंच.

आता तुम्ही विचाराल, दादा बार्शीचा, तू बार्शीचा, मग इंग्रजी कशाला फाडत होतास? हाच माझ्या लेखाचा मुद्दा आहे. मला मराठीत लाज वाटत होती. "दादा, उसने दिलेस, एप्रिलला परत करतो" हे वाक्य टाईप करताना अंगठा अडला. मराठीत 'पैसे नाहीत' म्हटलं की माणूस गरीब दिसतो, इंग्रजीत 'फायनान्शियल क्रंच' म्हटलं की तोच माणूस एमबीए वाटतो. हॉस्टेलमध्ये बघा. कुणी 'उधार दे' म्हणत नाही, 'जरा अॅडजस्ट कर' म्हणतो. कुणी 'देणं फेडतो' म्हणत नाही, 'सेटल करू ना यार' म्हणतो. आणि हे 'सेटल करू' म्हणणारे गृहस्थ पास आऊट होऊन अमेरिकेत सेटल होतात, पण तीनशे सत्तर रुपयांची कॉन्ट्री इथंच राहते!

आपल्याकडे शब्द नाहीत म्हणून ही वेळ आली म्हणावं, तर उलटंच. आमच्या आजीकडं देण्या-फेडण्याचे जितके शब्द आहेत तितके त्या डिक्शनरीतही नसतील. उसनं म्हणजे हातउसनं, व्याज नाही, लिहिणं नाही, जसं नेलं तसं आणून द्यायचं; मग ते वाटीभर साखर असो की पाचशेची नोट. उधारी दुकानदाराची. कर्ज सोसायटीचं नाहीतर बँकेचं. उसनं 'परत करायचं', उधारी 'चुकती करायची', देणं 'भागवायचं' आणि कर्ज 'फेडायचं'. फिटलं की 'फिटलं'. दोघांचं एकमेकांकडं सारखंच निघालं तर 'फिट्टंफाट'. हा शेवटचा शब्द तर इंग्रजांनी आपल्याकडून उसना न्यावा इतका भारी आहे.

आणि गंमत बघा. फेडणे म्हणजे मुळात सोडवणे, उतरवणे. गाठ फेडतात, नेसलेलं वस्त्र फेडतात, जुन्या मराठीत तर शंकासुद्धा फेडत. म्हणजे जे बांधलं गेलंय किंवा अंगावर आहे ते काढून टाकायचं. 'पे ऑफ' मधला 'ऑफ' दुसरं काय करतो? अंगावरचं उतरवतो! आणि 'पे बॅक' मधला 'बॅक' म्हणजे परतफेडीतला 'परत'. इंग्रजांना दोन क्रियापदं लागली, आपण 'परत' आणि 'फेड' एकाच शब्दात बसवले. खुद्द 'पे' हा शब्द ज्या लॅटिन शब्दापासून आला त्याचा अर्थ शांत करणे. 'पीस' म्हणजे शांतता, तेच हे घराणं. देणेकऱ्याला शांत करणं म्हणजे पे. आता आपलं 'भागवणं' आठवा. तहान भागवतो, भूक भागवतो आणि देणंही भागवतो. तीच कल्पना. हे लक्षात आल्यावर मी लायब्ररीत एकटाच हसलो आणि लायब्ररीयन सरांनी चष्म्यावरून पाहिलं.

सूडाचंही तसंच. 'आय विल पे यू बॅक' नुसतं गोड नाही हं, कोण कुठल्या आवाजात म्हणतोय त्यावर आहे. 'फॉर धिस' जोडलं आणि दात खाल्ले की ती धमकी. आपणही उट्टं फेडतोच की, आणि 'हिशेब चुकता करीन' म्हणणारा माणूस प्रत्येक वेळी पाकीटच काढतो असं नाही.

असो. भाषेचा आनंद वेगळा, बँक वेगळी. खरी गरज पडते ती तिथं. आपल्यातले कितीतरी जण एज्युकेशन लोनवर शिकतायत. कोर्स चालू असताना आणि संपल्यावरही साधारण वर्षभर हप्ता नसतो, म्हणून आपण निवांत. (व्याजाचा मीटर चालूच असतो हे वेगळं.) 'पे डाउन' आणि 'पे ऑफ' यातला फरक पहिला हप्ता कापल्यावर कळतो. आपण इंजिनिअर आहोत, आकडे टाकून बघू. सोयीसाठी चार लाख धरा, दहा टक्के व्याज, सात वर्षं. महिन्याचा हप्ता बसतो सुमारे ६,६४० रुपये. पहिल्या हप्त्यातले ३,३३३ नुसते व्याजाचे. साडेतीन वर्षं, म्हणजे बरोबर अर्धी मुदत, इमानेइतबारे भरल्यावर माणसाला वाटतं अर्धं फिटलं. तर मुद्दल शिल्लक असतं २ लाख ३४ हजारांच्या वर! तोपर्यंत तुम्ही कर्ज 'पे डाउन' करत असता, कमी करत असता. 'पे ऑफ' तेव्हाच, जेव्हा खातं शून्य होतं. जे पोरगं दोन वर्षं हप्ते भरून 'आय हॅव पेड ऑफ माय लोन' म्हणतं ते इंग्रजीतही चुकतंय आणि गणितातही.

याहून घातक म्हणजे 'राइट ऑफ'. टीव्हीवर 'बँकांनी एवढे कोटी राइट ऑफ केले' ऐकलं की मेसमध्ये लगेच सुरू होतं, "बघा, बड्यांना माफ केलं." माफ करणं वेगळं, त्याला 'वेव्ह' म्हणतात. (त्याला 'ऑफ' लावायची गरज नसते, आणि हात हलवायचा तो 'वेव्ह' वेगळा. देवनागरीत दोन्ही एकच दिसतात हा आपला दोष नाही.) राइट ऑफ म्हणजे बँकेनं आपल्या वहीतून ते येणं काढून टाकलं, पण कर्जदाराचं देणं तसंच उभं. वसुली चालूच राहते. वसूल खरंच किती होतं, तो वेगळा आणि रागावण्यासारखा प्रश्न आहे, पण शब्द चुकवून रागवू नये. आणि उद्या आपलं लोन थकलं आणि कुणी म्हणालं 'राइट ऑफ झालं रे', तर पेढे वाटू नका.

'माफी' वरूनही आमच्या गावात भांडणं ऐकलीत. २००८ साली केंद्राची कर्जमाफी आली, २०१७ आणि २०१९ ला राज्याच्या आल्या. २०१९ च्या योजनेच्या नावात 'कर्जमुक्ती' शब्द होता. बापू म्हणतात, बरोबर आहे, माफी गुन्हेगाराला असते, आम्ही काय गुन्हा केला? पण खरं सांगू, आमच्या घरी मी माफी किंवा मुक्तीपेक्षा जास्त वेळा ऐकलेला शब्द आहे 'नवं-जुनं'. मार्च आला की बापू कुणाकडून तरी आठ-पंधरा दिवसांसाठी पैसे उचलतात, सोसायटीचं जुनं कर्ज भरतात, म्हणजे मुदतीत फेडल्याची व्याजाची सवलत जात नाही. मग सोसायटी नवं कर्ज देते, ते आणून ज्याचे त्याला. कागदावर कर्ज फिटलं. अंगावर तेवढंच. इंग्रजीत याला 'रोल ओव्हर' म्हणतात. वर्षानुवर्षं एकही हप्ता न चुकवता, एकदाही न फेडलेलं कर्ज! यात कुठला 'ऑफ' आणि कुठला 'बॅक' बसवायचा ते कुणी इंग्रजीच्या सरांनी मला सांगावं.

आता मूळ गोष्ट, जी मला सांगायची नव्हती.

२०२४ चा एप्रिल आला. मी दादाला ५,००० पाठवले. राहिले १३,०००. मेमध्ये मेसेज केला, "दादा, बघतो." दादा म्हणाला, "जमेल तसं दे." हे 'जमेल तसं' ऐकलं आणि मी मनातल्या मनात खातं बंद केलं. जूनमध्ये जमलं असतं. सुट्टीत गावाकडं एका वर्कशॉपवर काम केलं होतं, हातात नऊ हजार होते. त्याचा मी सेकंड हँड लॅपटॉप घेतला. गरज होती, खोटं नाही. पण दादाला विचारलंही नाही.

त्याच सुमारास ऑडिटोरियममध्ये कुणा मोठ्या माणसाचं भाषण झालं. 'गिव्ह बॅक टू सोसायटी' आणि 'पे इट फॉरवर्ड'. म्हणजे ज्यानं उपकार केले त्याला परत न देता पुढच्या गरजूला द्यायचं. कल्पना फार जुनी आहे. बेंजामिन फ्रँकलिननं १७८४ साली एका अडचणीतल्या माणसाला पैसे पाठवताना हीच अट घातली होती, की हे मला परत नको, तुझ्यासारखाच कुणी भला माणूस अडचणीत भेटला की त्याला दे. अमेरिकेत १९९९ साली याच नावाची कादंबरी आली, २००० साली सिनेमा आला आणि शब्द जगभर गेला. आपल्याकडे तर साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. त्या पोरांनी ते दागिने कुणाला आणि कसे परत करायचे? पुढंच द्यायचे.

मला ते भाषण इतकं आवडलं की मी जुलैमध्ये दादाला मेसेज टाकला, "दादा, मीसुद्धा पुढं ज्युनियर्सना मदत करणार. पे इट फॉरवर्ड!" त्याखाली हात जोडलेली इमोजी. डोक्यावर १३,००० असताना.

दादानं अंगठा दाखवला फक्त. आता विचार करतो तेव्हा ती अंगठ्याची इमोजी मला फार मोठी दिसते.

फ्रँकलिनच्या पत्रातली मेख माझ्या लक्षात आली नव्हती. पैसे पुढं द्यायला देणाऱ्यानं सांगितलं होतं, घेणाऱ्यानं नाही. 'पे इट फॉरवर्ड' म्हणायचा हक्क ज्याचे पैसे आहेत त्याचा. घेणाऱ्यानंच तो शब्द आधी उचलला तर त्याला आमच्या गावात साधं 'बुडवणं' म्हणतात. आणि माझं स्पष्ट मत आहे, आपल्या कॉलेजात, गॅदरिंगात, पास आऊट झालेल्यांच्या भाषणात 'गिव्ह बॅक टू सोसायटी' म्हणणाऱ्यांनी आधी मेसच्या वहीत आपल्या नावापुढं काय आहे ते बघून यावं. सोसायटी फोन करून पैसे मागत नाही, मेसवाल्या काकू मागतात. म्हणून सोसायटी सगळ्यांना आवडते.

सप्टेंबरात शिष्यवृत्ती जमा झाली आणि मी त्याच संध्याकाळी १३,००० पाठवून दिले. "पेड बॅक इन फुल" असं लिहिलं. व्याकरण अचूक. स्वतःवर खूश.

दिवाळीत बार्शी स्टँडवर दादाचा पुण्यातला रूममेट भेटला, तोही आमच्याच कॉलेजचा. बोलता बोलता म्हणाला, "अरे, जुलैमध्ये त्याचा पहिलाच हप्ता बाउन्स झाला. लोनचा. त्याच महिन्यात खोलीचं डिपॉझिट भरलं होतं, आणि कुणाकडून तरी तेरा हजार यायचे होते त्याला, ते आले नाहीत." त्याला माहीत नव्हतं तो 'कुणीतरी' समोर उभा आहे. बाउन्सचा दंड पडला, बँकेचे फोन आले, त्याच्या सिबिलच्या रिपोर्टवर उशिराची नोंद लागली. नोकरीच्या पहिल्या वर्षात. हप्ता किती असेल ते मी एसटीत बसल्या बसल्या मोबाईलवर काढलं. माझ्या तेरा हजारांत दोन हप्ते आरामात बसत होते.

दादानं हे मला कधीच सांगितलं नव्हतं.

म्हणजे पैसे 'पे बॅक' झाले होते, देणं 'पे ऑफ' झालं होतं, आणि तरी काहीतरी बाकी होतं. त्यासाठी पुन्हा डिक्शनरी उघडावी लागली नाही, कारण तोपर्यंत ती मी पुष्कळ वाचली होती. 'मेक इट अप टू समबडी'. आपल्यामुळे कुणाचं जे बिघडलं ते कसंबसं भरून काढणं. यात 'पे' नाहीच, कारण यात पैसे चालत नाहीत. दंडाचे पैसे मी पाठवले, ते त्यानं परत पाठवले. सिबिलवरची नोंद मला पुसता येत नाही.

मग फोन केला. मराठीत. "दादा, जुलैचं मला कळलं. माझं चुकलं. जूनमध्ये माझ्याकडं पैसे होते." एवढी तीन वाक्यं बोलायला मला स्टँडपासून गावापर्यंतचा सगळा रस्ता लागला होता. इंग्रजीत असती तर 'सॉरी फॉर द डिले' म्हणून दोन सेकंदांत झाली असती.

दादा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पैशाचं फिट्टंफाट झालं. पण लेका, येणार नसतील तर 'येणार नाहीत' म्हणून सांगायचं. मी दुसरीकडून बघितले असते. ते 'बघतो' फार महागात पडलं."

या सेमिस्टरला एका फर्स्ट इयरच्या पोरानं माझ्याकडून दोन हजार नेले. नेताना म्हणाला, "सर, आय विल रिटर्न बॅक पॉझिटिव्हली." 'रिटर्न' मध्ये 'बॅक' असतोच, त्यामुळे पुन्हा 'बॅक' नको, हे मी त्याला सांगितलं नाही. तारीख मात्र विचारली, आणि मराठीत विचारली. तो जरा नाराज झाला. पंधरा तारीख सांगितली त्यानं. तेराला येऊन म्हणाला, "दादा, पंधराला नाही जमणार, बावीस चालेल का?"

चाललं की.

ता. क. – जी-१७ मधल्या ज्या सद्गृहस्थानं सबमिशनच्या रात्री माझा मिनी ड्राफ्टर 'दोन मिनिटांत देतो' म्हणून नेला आहे, त्याला कळावे की वस्तूला 'पे बॅक' लागत नाही, 'गिव्ह बॅक' लागतं. दीड वर्ष झालं.